लेकीच्या रक्तात उतरलेली आई

एक होती खाडी, आणि त्या खाडीच्या काठाला राहायची आवडा. या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या. आजची गोष्ट जरा भीतीची आहे. पण मध्येच कुणी डोळे झाकायचे नाहीत, कारण आवडानेही झाकले नव्हते.

तर आवडा होती कोळीण. नवरा होडी घेऊन लांब दर्यात गेलेला. घरात एक म्हातारी सासू आणि एक लेक, बायजा. बायजाच्या आधी आवडाला दोन मुलं झाली होती. दोन्ही तापात गेली. म्हणून आवडा बायजाला फार जपायची. बायजा नुसती शिंकली तरी हिच्या हातातली टोपली खाली पडायची.

एक दिवस आवडा ओट्यावर मासळी निवडत बसली होती. टोपलीत एक शिंगाळा होता. शिंगाळ्याच्या पाठीवर काटा असतो, बरं का, करवतीसारखा दातेरी. मासा मरतो, पण काटा काही मरत नाही. बायजाने खेळता खेळता टोपलीत हात घातला आणि काटा गेला तिच्या तळहातात. आवडाने काटा उपसला, हळद दाबली, चिंधी बांधली. म्हणाली, "रडू नको गो बाय, झालं, निघाला." बायजाने डोळे पुसले आणि खेळायला पळालीसुद्धा.

पण काटा निघाला तरी काट्याबरोबर जे आत शिरलं होतं ते निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हात पुरीसारखा टम्म फुगला. अंग तव्यासारखं तापलं. आणि मग मनगटापासून एक लाल रेघ निघाली. बारीक, दोऱ्यासारखी. सकाळी ती मनगटावर होती. दुपारी ती कोपरापर्यंत आली.

वैद्यबुवा आले. त्यांनी रेघ बघितली आणि चुलीतला कोळसा मागवला. रेघ जिथे संपत होती तिथे कोळशाने खूण केली. म्हणाले, "आवडाबाय, ही रेघ काखेच्या वर चढली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. रेघ काखेशी आली की मला बोलवा. हात खांद्यापासून काढावा लागेल. मग पोर वाचेल, कदाचित."

"कदाचित?" आवडा म्हणाली.

"कदाचित," वैद्यबुवा म्हणाले, आणि मान खाली घालून निघून गेले. ते खोटं बोलणारे नव्हते, हीच मोठी भीती होती.

आवडाने बायजाकडे बघितलं. कोळशाच्या खुणेकडे बघितलं. रेघ खुणेच्या पुढे गेली होती.

मग आवडा उठली. मासळी कापायची कोयती कमरेला खोचली आणि भर दुपारी खाडीच्या तोंडाशी गेली. तिथे एक काळा खडक होता. त्याला शेंदूर लावलेला. लोक त्याला काटाई म्हणत. पायात काटा गेला, अंगात ताप चढला, की काटाईला नारळ द्यायचा. ओहोटी लागली होती. सगळा चिखल उघडा पडला होता. आणि खडकावर एक म्हातारी बसून कालवं फोडत होती. कालवांच्या शिंपा किती धारदार, ठाऊक आहे ना? पाय ठेवला की चिरतो. म्हातारी अनवाणी होती. तिच्या पायांना एक ओरखडा नव्हता.

आवडा तिथेच थबकली. तिच्या अंगावर काटा आला. ही म्हातारी गावातली नव्हती.

"नारळ आणला नाहीस," म्हातारी वर न बघता म्हणाली.

"नाही आणला," आवडा म्हणाली. "दोन वेळा आणला होता. दोन्ही पोरं गेली. आता मला काही मागायचं नाही. मला फक्त तिच्या अंगात जाऊ दे. जे आत शिरलंय त्याचा गळा मी माझ्या हाताने कापते."

म्हातारीने हातातलं कालव फोडलं. शिंपल्यात थेंबभर पाणी होतं. ते तिने पुढे धरलं.

"हे पी, आत जाशील. कोयती इथेच टाक. तिथे लढणारे आहेत, तुझ्यापेक्षा बरे लढतात. तुला तीन गोष्टी पाळायच्या. मरणाऱ्याला अडवायचं नाही. आग लागलेली दिसली तर विझवायची नाही. आणि तू कोण असं कुणी विचारलं, तर खोटं बोलायचं नाही."

"आणि चुकले तर?"

"तर तू आतच राहशील. आणि ज्या अंगात आहेस, ते अंगही राहणार नाही."

आवडाने कोयती चिखलात टाकली. शिंपला ओंजळीत धरून, थेंब सांडू न देता, ती घरी आली. सासू बायजाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. आवडा म्हणाली, "आय, मी दिसले नाही तर शोधू नका. मी बायजाजवळच आहे."

"म्हणजे काय गो?" सासू म्हणाली. तिने मागे वळून बघितलं, तर दारात कुणी नव्हतं. नुसता रिकामा शिंपला पडला होता.

आवडा लहान लहान होत गेली. मुंगीएवढी झाली. तिळाएवढी झाली. मग तिळातल्या तिळाएवढी झाली. बायजाचा तळहात डोंगरासारखा वर आला, आणि त्या डोंगरात एक दरी होती, ती काट्याची जखम. आवडा त्या दरीत पडली.

पडता पडता तिने भिंत बघितली. आपल्या कातडीची भिंत. ती कशाची असते सांगू? मेलेल्यांची. आपल्या अंगातलेच बारीक बारीक राखणदार, जन्मभर काम करतात, आणि मरतात तेव्हा जागा सोडत नाहीत. खांद्याला खांदा लावून, डोळे मिटून, उभेच राहतात. त्यांच्या पलीकडून काही आत येत नाही. हल्ली तुम्ही शाळेत त्यांना पेशी म्हणता. तेव्हा त्यांना कुणी नाव दिलं नव्हतं. आवडाने बघितलं, हजारो हजारो मेलेले, आणि मध्येच काट्याने केलेलं भगदाड. तिथले राखणदार चिरडले होते.

आणि त्या भगदाडातून *ते* आत शिरले होते.

मण्यांच्या माळांसारखे दिसत. मण्याला मणी चिकटलेला. तोंड नाही, डोळे नाहीत, आवाज नाही. एक मणी मध्ये आवळायचा आणि त्याचे दोन व्हायचे. दोनाचे चार. चाराचे आठ. माळ लांबत जायची. माळ जिथे टेकेल तिथलं मांस विरघळायचं. आवडाला वाटलं होतं, शत्रू म्हणजे राक्षस असेल, दात विचकत असेल. तसं काही नव्हतं. त्यांना बायजाचा राग नव्हता. बायजा कोण, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना नुसती भूक होती. रागावलेल्याच्या पाया तरी पडता येतं. भुकेला काय सांगणार?

मग जमीन हलली. एक मोठा थोरला, बिनआकाराचा, मऊ मऊ गोळा सरकत आला. त्याने एका माळेवर अंग टाकलं आणि माळ गिळली. दुसरी गिळली. आवडाला आनंद झाला. ती ओरडली, "खा रे बाबा, खा!"

गोळा थांबला. वळला. त्याने अंगाचा एक हात लांब केला आणि आवडाला चाचपलं. खालून वरून, अंधारात भांडं चाचपावं तसं.

"कोण?" तो म्हणाला.

खोटं बोलायचं नव्हतं. "मी बायजाची आई," आवडा म्हणाली.

"आई म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. मला खूण ठाऊक आहे. या अंगातल्या प्रत्येकाच्या अंगावर एकच खूण असते. तुझी अर्धी जुळते. अर्धी जुळत नाही."

"अर्धी जुळते ना? ती माझीच लेक आहे."

"अर्धी परकी म्हणजे परकीच," तो म्हणाला, आणि त्याने अख्खं अंग तोंडासारखं उघडलं.

आवडा पळाली. विचार करा, ज्या लेकीसाठी ती आत आली, त्या लेकीचेच राखणदार तिला गिळायला निघाले. पायाखाली सगळं मऊ, ओलं, गरम. लांबून कुठून तरी ढोल वाजत होता, धाड् धाड्, फार जोरात. ते बायजाचं काळीज होतं.

गोळा मागे आला असता, पण तेवढ्यात समोर माळांची लाट उठली आणि तो तिकडे वळला. एकटा तो किती गिळणार? त्याने गिळता गिळता हाक मारली. हाक कानाला ऐकू आली नाही, अंगाला झोंबली. आणि मग बाजूच्या रक्ताच्या नळीची भिंत फुगली, आणि त्या भिंतीच्या फटींतून शिपाई यायला लागले. अंग चिंचोळं करून, एकामागून एक, शेकड्यांनी, हजारांनी. सगळे कोवळे. त्यातल्या कुणाचं वय धड एका दिवसाचं नव्हतं. आणि उद्याचा दिवस त्यांच्या नशिबात नव्हता, बरं का. ते एवढ्याचसाठी जन्मतात.

एक शिपाई आवडाच्या अगदी जवळून गेला. समोर माळांचा डोंगर होता आणि हा एवढासा. आवडाला आपली गेलेली दोन लेकरं आठवली. तिने हात पुढे केला आणि त्याला धरलं.

"नको जाऊ," तिच्या तोंडून निघालं.

शिपाई थांबला. त्याला थांबणं ठाऊकच नव्हतं, तो नुसता थरथरत उभा राहिला. आणि तो थांबला तेवढ्यात एक माळ पुढे सरकली. तिच्या चार माळा झाल्या. बाहेर बायजा किंचाळली. ते किंचाळणं आत सगळीकडून आलं.

मग आवडाला खडकावरच्या म्हातारीचे शब्द आठवले, मरणाऱ्याला अडवायचं नाही. वेळ अजून पुरती गेली नव्हती. तिने एकेक बोट सोडवलं. डोळे मात्र मिटले नाहीत.

शिपाई धावला. माळांच्या मधोमध जाऊन त्याने काय केलं ठाऊक आहे? स्वतःचं पोट उसवलं. आतले धागे बाहेर फेकले. धाग्यांचं जाळं झालं. कोळ्याच्या बाईला जाळं ओळखता येणार नाही होय? आवडाने जन्मभर जाळी विणली होती, पण असं जाळं तिने कधी बघितलं नव्हतं. माळा त्यात अडकल्या. शिपाई तिथेच निवला. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. मेलेल्या शिपायांचा पांढरा ढीग साचत गेला. जखमेतून पू निघतो ना, आपण नाक मुरडतो? तो पू म्हणजे हेच, बाळांनो.

पण जाळं पुरेना. काही माळा जाळ्याखालून निसटल्या आणि हाताच्या वरच्या अंगाला वाहत निघाल्या. तीच बाहेरची लाल रेघ.

तेवढ्यात आवडाला एक धावणारा दिसला. त्याला कितीतरी हात होते, झाडाच्या मुळांसारखे. त्याने एका मेलेल्या माळेचा तुकडा तोडून घेतला, छातीशी धरला आणि पळत सुटला. आवडाला कळलं, हा निरोप्या आहे. हा कुणाला तरी बोलवायला चाललाय. ती त्याच्या मागे लागली.

वाट अरुंद होती. पाण्याने भरलेली. आणि दर पावलाला वाट तापत होती. आधी ऊन लागल्यासारखं, मग चुलीजवळ बसल्यासारखं, मग चुलीत हात घातल्यासारखं. वाटेत बाजूला तिला झडपा दिसल्या, खाडीच्या बांधाला असतात तशा. झडपांमागे पाणी साचलेलं, ऐकू येत होतं. झडप उघडली की घाम सुटणार, अंग निवणार. सगळ्या झडपा घट्ट बंद.

आणि वरून बायजाचा आवाज आला. "आये, मी भाजते गो. आये, कुठे आहेस?"

आवडा झडपेशी धावली. दोन्ही हात झडपेला लावले. फक्त ओढायचं होतं. लेक भाजतेय आणि पाणी हाताच्या अंतरावर आहे. कुठली आई थांबेल?

तिने मागे वळून बघितलं, ते एकाच कारणासाठी, माळा किती जवळ आल्यात ते बघायला. आणि तिने बघितलं की माळा मंदावल्या आहेत. मणी आवळायचा, पण त्याचे दोन होईनात. उष्णतेने त्यांचं बळ सरत होतं. आणि राखणदार मात्र त्याच उष्णतेत दुप्पट वेगाने धावत होते. ही आग शत्रूने लावली नव्हती. ही आग बायजाच्या अंगानेच लावली होती.

आवडाने हात काढले. तळवे भाजून निघाले होते. ती वर बघून म्हणाली, "भाज गो माझे बाय, थोडी अजून भाज. मी इथेच आहे." पण बाहेर काही ऐकू गेलं नाही.

उद्या तुम्हाला ताप आला की म्हणाल, औषध नको, आवडाने झडप उघडली नव्हती. तसलं काही चालायचं नाही. आवडाच्या गावात औषध नव्हतं. आपल्याकडे डॉक्टर आहेत, ते सांगतील तसंच करायचं. कळलं? मग पुढे ऐका.

आवडा निरोप्याच्या मागे धावत होती. तर पुढे निरोप्या पडलेला. एका निसटलेल्या माळेने त्याला वाटेत गाठलं होतं. त्याचे हात एकेक करून विरघळत चालले होते. छातीशी धरलेला तुकडा अजून त्याने सोडला नव्हता.

"कोण?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"आई," आवडा म्हणाली.

त्याने तिला चाचपलं नाही. खूण बघायला त्याला वेळच नव्हता. तो म्हणाला, "काखेत गाठ आहे. तिथे पोचव. ज्याच्या हाताला हा तुकडा बसेल, त्याला दे." आणि तो निवला.

आवडाने तुकडा उचलला. त्या विषाचा तुकडा, ज्याने तिच्या लेकीला हे असं केलं होतं. पण तिने तो छातीशी धरला, निरोप्याने धरला होता तसाच, आणि धावली. मागून माळा येत होत्या. कोपर गेलं. दंड गेला. आणि मग काख आली.

आपल्याला कुठे जखम चिघळली की काखेत नाहीतर जांघेत गाठ येते ना? तिला अवधाण म्हणतात. ते का येतं, तर तिथे सगळे गोळा होतात म्हणून. आवडा आत शिरली तर केवढी गर्दी! मुंग्यांच्या वारुळात जेवढ्या मुंग्या नसतील तेवढे लोक. खांद्याला खांदा घासतोय. आणि प्रत्येकाच्या हातात एक गळ. मासे पकडायचा गळ असतो तसा वाकडा. पण एकासारखा दुसरा नाही. प्रत्येकाचा बाक वेगळा. कुठला गळ कुठल्या शत्रूसाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जन्मभर गळ धरून वाट बघायची, एवढंच.

आवडा मध्ये उभी राहिली आणि तुकडा वर धरला.

सगळी गर्दी तिच्याकडे वळली. मग दोघे पुढे आले. हे गिळणारे नव्हते, जाळं टाकणारे नव्हते. हे काळे, सडपातळ, शांत होते. ते ज्याला हात लावून 'मर' म्हणतात, तो स्वतःहून मरतो. त्यांनी आवडाला दोन्हीकडून धरलं.

"कोण?"

तिला कळत होतं, ती कशी दिसतेय. अर्धी परकी. आणि हातात शत्रूचा तुकडा. खोटं बोलावं, असं तिला वाटलं. म्हणावं, मी निरोप्या आहे. हात दाखवावेत, भाजलेले. तुकडा पोचेल, बायजा वाचेल. मग खोटं बोललं तर काय बिघडलं?

मागे माळा काखेशी येऊन थडकल्या. भिंत हादरली.

"मी बायजाची आई आहे," आवडा म्हणाली. "मी बाहेरची आहे. माझी खूण अर्धीच जुळेल. मला काय करायचं ते करा. पण आधी हा तुकडा घ्या."

"अर्धी परकी," पहिला म्हणाला.

"शत्रूचा वास येतो," दुसरा म्हणाला.

त्याने हात वर केला. आवडाने तुकडा आणखी उंच धरला, म्हणजे ती पडली तरी तो कुणाला तरी दिसेल.

"थांबा."

हाडाच्या बाजूने एक म्हातारी येत होती. राखणदारांपैकीच, पण फार जुनी. सगळ्यांनी तिला वाट दिली. ती आवडाजवळ आली आणि तिने आवडाच्या अंगावरून हात फिरवला. खालून वरून. मग तिने आपला हात आवडाच्या हाताशेजारी धरला. आवडाची खूण आणि म्हातारीची खूण एकच होती. अर्धी नव्हे, पुरी.

"ही माझी आहे," म्हातारी म्हणाली. "मी हिच्यातूनच आले."

"तुम्ही कधी आलात?" आवडाने विचारलं.

"बायजा तुझ्या पोटात होती तेव्हा. नाळेतून पलीकडे आले, आणि राहिले. परत गेले नाही."

"आणि यांनी तुम्हाला मारलं नाही?"

"यांनी डोळे उघडले तेव्हा मी इथेच होते," म्हातारी म्हणाली. "मला बघतच हे सगळे मोठे झाले. हे मला परकी कसे म्हणतील?"

काळ्या दोघांनी आवडाला सोडलं. आवडा खाली बसली आणि रडली. किती वेळ तिला वाटत होतं, आपण लेकीला काही देऊ शकलो नाही. आणि आपल्यातलंच कुणीतरी इथे आधीपासून पहारा करत होतं.

पण रडायला वेळ कुठे होता? म्हातारी म्हणाली, "ऊठ. तुकडा फिरव."

मग आवडा एकेकाच्या हातात तुकडा देत गेली. "बसतो का बघ." नाही बसत. "तुझ्या?" नाही. "तुझ्या?" नाही. शंभरांच्या हाताला लागला, हजारांच्या हाताला लागला. बाहेर दिवस उगवले आणि मावळले, आत ते कळत नव्हतं. भिंतीला तडे गेले. तड्यांतून मणी दिसायला लागले. सगळ्यांना विचारून झालं आणि कुणाच्याच हाताला बसला नाही तर? जगात असा गळच नसला तर?

अगदी कडेला एक बसली होती. बारकीशी. तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती. आवडाने तुकडा पुढे केला. तिने गळ लावला.

खट्.

बसला.

ती बारकी आवडाकडे बघत राहिली. मग ती मध्ये आवळली आणि तिच्या दोघी झाल्या. दोघींच्या चौघी. चौघींच्या आठ. आवडा दचकून मागे सरली, कारण तिने हेच त्या माळांमध्ये बघितलं होतं. पण या आपल्या होत्या. आणि प्रत्येकीच्या हातून गळ सुटायला लागले, तसेच्या तसे, हजारांनी, लाखांनी. काखेतून रक्तात, रक्तातून हातात, गळांचा नुसता पूर आला. माळेला गळ लागला की माळ जागच्या जागी थिजायची. मग ते मोठे मऊ गिळणारे यायचे, आणि आता त्यांना काही चाचपावं लागत नव्हतं. गळ दिसला की गिळलं. रेघ काखेतून मागे हटली. दंडावरून हटली. कोपराखाली गेली.

आणि मग काय झालं, तर राखणदारांतलेच काही उठले आणि म्हणाले, "पुरे." बाकीचे थांबेनात. लढायची सवय लागली होती. समोर शत्रू नव्हता तर ते बायजाच्याच मांसाकडे वळले होते. त्यांना एकेकाला धरून म्हणावं लागलं, "पुरे, संपलं, पुरे." लढणं जेवढं कठीण, तेवढंच थांबणंही, बरं का.

मग आग निवली. झडपा आपोआप उघडल्या.

आवडाने म्हातारीचा हात धरला. "चला माझ्याबरोबर."

"मी कुठे येऊ?" म्हातारी म्हणाली. "मी आता इथलीच. तू जा. ती तुला हाका मारतेय."

पाण्याचा लोंढा आला आणि आवडाला घेऊन वर गेला. बायजाच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला, गालावरून ओघळला आणि चटईवर पडला. आणि तिथे आवडा उभी होती, केस विस्कटलेले, तळहात भाजलेले.

सासू वाटीत पेज घेऊन येत होती. ती दारातच थांबली. "इतके दिवस कुठे होतीस गो? वैद्यबुवा दोनदा सुरी घेऊन येऊन गेले. मी दारात आडवी पडले. म्हटलं, हिची आई इथेच आहे असं सांगून गेलीय. तिला विचारल्याशिवाय मी हात लावू द्यायची नाही."

आवडा सासूच्या पाया पडली. दोघी रडल्या. मग बायजाने डोळे उघडले. म्हणाली, "आये, भूक लागली."

तिसऱ्या प्रहरी वैद्यबुवा आले. त्यांनी रेघ शोधली, रेघ नव्हती. नुसत्या कोळशाच्या खुणा होत्या. त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्याने त्या पुसल्या.

पुढे बायजाचा बाप दर्यातून आला. बायजा मोठी झाली. तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली, तिने म्हातारी होईपर्यंत मासळी विकली. तिला नंतरही काटे लागले, कोळ्याच्या बाईला काटे लागायचेच. पण त्या माळा पुन्हा आल्या की गळवाली बारकी लगेच उठायची. ती झोपलीच नव्हती. तिच्या बहिणी मरून गेल्या, पण ती आणि अजून थोड्याजणी हाडांच्या कुशीत जाग्या राहिल्या होत्या. बायजाला यातलं काही कळलं नाही. आवडाने तिला कधी सांगितलं नाही. नुसता बायजाचा हात हातात घेऊन बसायची.

आणि सगळी सुखाने राहिली.

हं, आता हात आत घ्या. कुणाला भीती वाटत असेल तर छातीवर हात ठेवून ऐका. ढोल वाजतोय ना? मग झालं तर. तुम्ही झोपा. आत जागणारे जागतील.